निवेदनाचा शेवटचा परिच्छेद

कडव्या डाव्या संघटनांना आवर घालण्यासाठी म्हणून आणलेलं महाराष्ट्राचं विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात मंजूर झालं, पण त्यातल्या एका आकड्यावरचं भांडण अजून मिटलेलं नाही. संयुक्त चिकित्सा समितीने हरकती व सूचना मागवल्या, तेव्हा साडेबारा हजारांच्या वर आल्या. सरकारी बाजू म्हणते, बघा, जनतेला विचारूनच कायदा केलाय. विरोधक म्हणतात, एवढ्या लोकांनी लिहिलं, कितीतरी जणांनी विधेयक मागेच घ्या म्हटलं, तरी रेटलंच ना? मग विचारण्याचं नाटक कशाला? दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघांची चूक एकच आहे. दोघंही सूचनेला मत समजतात. एकाला ती मोजून दाखवायची आहे, दुसऱ्याला ती मोजली गेली नाही म्हणून रडायचं आहे. तिच्यात काय लिहिलं होतं, हे विचारायला कुणी तयार नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. संसदीय पद्धतीत नागरिकाला कायद्यावर नकाराधिकार नाही, आणि नसावाही. पण कायद्याच्या मजकुरात हात घालण्याची वाट त्याला आहे, आणि ती मतदानाच्या दिवसापेक्षा मसुद्याच्या दिवसांत जास्त उघडी असते. त्या वाटेने जायचं तर हातात आकडा असून भागत नाही, मागणी लागते. अमुक कलमातला अमुक शब्द काढा, त्याऐवजी हा घाला, कारण आमच्याकडे असं असं घडतं. एवढं लिहून दिलं तर सरकारला एक तर ते घ्यावं लागावं, नाहीतर का घेतलं नाही ते सांगावं लागावं. या दुसऱ्या गोष्टीची सक्ती आपल्याकडे नाही. भांडायचं तर तिच्यासाठी भांडावं.

आधी माझी कबुली. त्या साडेबारा हजारांत एक सूचना माझीही आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तयार मजकूर आला होता, खाली नाव-पत्ता घालायचा आणि मेल करायची. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत होतो, दोन मिनिटांत पाठवून टाकली. संध्याकाळी वाचनालयात हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तिथे रोज पेपर चाळायला एक निवृत्त नाझर येतात, सगळी नोकरी तालुका कोर्टात काढलेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, ‘‘विधेयक वाचलंस?’’

‘‘मुद्दे वाचले.’’

‘‘मुद्दे नव्हे रे, कलमं. कुठल्या कलमातलं काय बदला म्हणून लिहिलंस?’’

मी गप्प.

‘‘दाव्यात हकिगत चार पानं लिहिली आणि शेवटच्या परिच्छेदात मागणीच नाही लिहिली, तर कोर्ट देणार काय? कपाळ?’’ एवढं बोलून ते पुन्हा पेपरात शिरले. मला मात्र तो शेवटचा परिच्छेद तेव्हापासून सुटलेला नाही. आपली बहुतेक निवेदनं अशीच असतात, वर ‘तीव्र निषेध’, खाली सह्या, मध्ये हकिगत, आणि मागणीच्या जागी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मोर्चे अडवले जातात तिथे थोडा वेळ उभं राहून बघा. मंत्री किंवा त्यांचा माणूस येतो, निवेदन घेतो, फोटो होतो. फोटोत कागद दिसतो, कागदात काय आहे ते दिसत नाही.

सूचना म्हणजे मत मानलं तर काय होतं, हे आपल्या इतिहासाने एकदा चांगलं दाखवलंय. हिंदू कायद्याच्या सुधारणेसाठी बेनेगल नरसिंह राव यांची समिती नेमली गेली. पुण्याच्या लॉ कॉलेजचे जे. आर. घारपुरे तिचे सदस्य होते. १९४५ मध्ये ही समिती मुंबई, पुणे, नागपूर, लाहोर, कलकत्ता, मद्रास अशी गावोगाव साक्षी घेत हिंडली. काही ठिकाणी काळी निशाणं दिसली. समितीतलेच एक सदस्य द्वारकानाथ मित्तर यांनी वेगळं मत नोंदवताना, आलेल्या मतांत विरोध करणारे जास्त आहेत, असा हिशेब मांडला. हिशेब चुकीचा नसेलही. पण त्या हिशेबावर चाललो असतो तर मुलीला बापाच्या मालमत्तेत हिस्सा आणि बाईला घटस्फोट कधी मिळाला असता? आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्यामागे या सुधारणेचं विधेयक, म्हणजे हिंदू कोड बिल, रखडवलं गेल्याचं दुःख मोठं होतं. १९५५-५६ मध्ये ते तुकड्यातुकड्यांनी झालं. आज साडेबारा हजारांची मोजदाद मागणाऱ्या माझ्या पुरोगामी मित्रांना मी विचारतो, १९४५ साली तुम्ही हाच नियम लावला असता का?

आकड्याचा नाद सगळ्यांनाच असतो. वक्फ दुरुस्ती विधेयकावरच्या संयुक्त संसदीय समितीकडे २०२४ मध्ये ९७ लाखांच्या आसपास निवेदनं आली. दोन्ही बाजूंनी मोबाइलवर मोहिमा चालवल्या होत्या. इतके कागद कोण वाचणार? वाचले जाणार नाहीत हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक होतं, घेणाऱ्यालाही. याच्या काही वर्षं आधीचं उदाहरण इंटरनेटच्या समान वागणुकीचं, म्हणजे नेट न्यूट्रॅलिटीचं. दूरसंचार नियामकाने प्रश्न विचारले होते, तेव्हा फेसबुकने काही निवडक साइट मोफत देणाऱ्या आपल्या योजनेच्या बाजूने एका बटणावर लाखो मेल धाडल्या. नियामकाने त्यांना ऐकवलं की आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीतच. फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्णय त्या योजनेच्या विरोधात गेला. दुसऱ्या बाजूच्याही मेल लाखांनी होत्याच, पण त्या बाजूने प्रश्नवार उत्तरं लिहिणारे लोकही होते.

मग सूचनेचं वजन येतं कुठून? माझ्या मते दोन ठिकाणांहून. सरकारकडे नसलेली माहिती तिच्यात असते, नाहीतर सरकारला न सुचलेला शब्द असतो. माहितीच्या अधिकाराची गोष्ट आपण फार ढोबळपणे सांगतो, ‘आंदोलन झालं, कायदा झाला’ अशी. नीट पाहिली तर ती कागदांची गोष्ट आहे. राजस्थानातल्या मजूर-शेतकऱ्यांना दुष्काळी कामांवर पूर्ण मजुरी मिळत नव्हती, कारण विचारलं की उत्तर यायचं, तुमचं काम तेवढंच भरलं. म्हणून त्यांनी हजेरीपट मागितला. हजेरीपट चव्हाट्यावर वाचला गेला तेव्हा मेलेल्या माणसांची नावं निघाली, न झालेल्या कामांची बिलं निघाली. १९९५ मध्ये मुख्यमंत्री भैरोंसिंह शेखावत यांनी विधानसभेत शब्द दिला की नकला मिळतील. वर्ष गेलं तरी आदेश निघाला नाही. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावरला लोक धरण्याला बसले ते ४० दिवस. त्यांची मागणी बघा: बिलं, व्हाउचरं आणि हजेरीपट यांच्या नकला, योग्य ती फी घेऊन. एका ओळीची मागणी आणि तीही सभागृहात दिलेल्या शब्दावर उभी. त्याच वर्षी न्यायमूर्ती पी. बी. सावंत अध्यक्ष असलेल्या प्रेस कौन्सिलने कायद्याचा मसुदा केला. पुढे २००२ मध्ये केंद्राने एक कायदा मंजूर केला, तो अंमलात कधी आलाच नाही. आपल्या राज्यातही २००० सालचा पहिला कायदा इतका दुबळा होता की तो बाजूला ठेवून दोन वर्षांत नवा आणावा लागला, त्यासाठी अण्णा हजारेंना बसावं लागलं. डिसेंबर २००४ मध्ये लोकसभेत आलेलं विधेयक फक्त केंद्र सरकारला लागू होतं. म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, नगरपालिका, सगळे बाहेर! स्थायी समितीपुढे लोक गेले, कलमागणिक भांडले, आणि मे २००५ मध्ये मंजूर होताना त्यात दीडशेच्या आसपास दुरुस्त्या झालेल्या होत्या. आज तुम्ही तहसीलमध्ये दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज देता, तो त्या दुरुस्त्यांमुळे.

रस्त्यावर उतरणं नको असं मी म्हणत नाही, हे यावरून दिसेलच. ब्यावरचा मंडप नसता तर सावंतांचा मसुदा कपाटात राहिला असता. पण मंडपातून उठताना हातात काय होतं, याने फरक पडतो. २०११ मध्ये लोकपालासाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले तेव्हा रामलीला मैदानावर माणसं कमी नव्हती, मसुदाही होता. फक्त तो ‘घ्या नाहीतर चालते व्हा’ या थाटात ठेवलेला होता. सभागृहाच्या भावनेचा ठराव झाला, उपोषण सुटलं, मैदान रिकामं झालं. लोकपाल कायदा २०१३ च्या डिसेंबरात झाला, आणि पहिला लोकपाल नेमला गेला मार्च २०१९ मध्ये. मधली पाच वर्षं तो मैदानातला समुदाय कुठे होता?

कलमात शिरण्याचं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्याच घरचं आहे, आणि त्यात गंमत अशी की शिरले ते विरोधक. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी नरेंद्र दाभोलकर अठरा वर्षं झगडले. विरोध करणाऱ्यांत वारकरी संप्रदायातले काही लोक होते. उद्या पालखीवर, कीर्तनावर गुन्हे दाखल करतील, अशी भीती घातली गेली. दाभोलकरांनी ती भीती खोटी म्हणून झटकली असती तर चाललं असतं का? मसुदा पुन्हा पुन्हा लिहिला गेला. नावातून ‘अंधश्रद्धा’ हा शब्दच गेला. गुन्हा कशाला म्हणायचं, याची अनुसूची जोडली गेली, म्हणजे पोलिसाच्या मर्जीला जागा उरली नाही. आणि एक स्वतंत्र कलम आलं: प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही. २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांचा खून झाला, चार-पाच दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा. खुनामुळे कायदा झाला, असं आपण म्हणतो, आणि तारखा तेच सांगतात. पण खून झाला त्या दिवशी सही करण्याजोगा, घासून घासून पक्का झालेला मजकूर तयार होता म्हणून चार दिवसांत वटहुकूम निघू शकला. तो मजकूर समर्थकांइतकाच विरोधकांनीही घडवलेला आहे.

आता समोरच्यांचे मुद्दे. ते हलके नाहीत.

पहिला पक्षादेशाचा. १९८५ च्या दहाव्या अनुसूचीनंतर आमदार-खासदाराने पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. मग माझ्या आमदाराला भेटून उपयोग काय? त्याचं बोट त्याच्या मालकीचं कुठे आहे? हे खरं आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे विधेयकं समित्यांकडे जाणंच कमी झालंय. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. आवाजी मतदानात कुणी काय मत दिलं याची नोंदही राहत नाही. कबूल. पण यातून निघतं काय? मतदानाच्या क्षणी आमदार बांधलेला असतो, म्हणून त्या क्षणाआधीचा काळ कमी महत्त्वाचा ठरतो की जास्त? पक्षादेश सभागृहातल्या मताला लागतो. समितीतल्या प्रश्नाला, दुरुस्तीच्या सूचनेला, लक्षवेधीला, पक्षाच्या बैठकीतल्या कुरकुरीला तो लागत नाही. जनसुरक्षा विधेयकाचंच घ्या. मूळ मसुद्यात ‘व्यक्ती आणि संघटना’ अशी ऐसपैस रचना होती. समितीच्या टप्प्यावर ती बदलून ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ अशी झाली. तपास फौजदाराकडून उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. सल्लागार मंडळाची रचना बदलली. हे पुरेसं आहे का? मला वाटत नाही. ‘तत्सम’ या शब्दात किती गोष्टी मावतात, ते पुढचा कुठलाही गृहमंत्री ठरवेल, आणि तो कुठल्या पक्षाचा असेल हे आज कुणी सांगू शकत नाही. पण जे बदललं ते मतदानाने बदललं नाही, मसुद्याच्या टेबलावर बदललं. आणि त्या टेबलावर विरोधी पक्षांचे ज्येष्ठ नेतेही होते. अहवालाला त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली नाही. विधानसभेत ठाम विरोध नोंदवला तो डहाणूचे विनोद निकोले या एकाच आमदाराने. बाहेर सह्या गोळा करणाऱ्या आम्हा लोकांपैकी किती जणांनी समितीतल्या आपल्या सदस्याला गाठून विचारलं होतं, ‘साहेब, तुम्ही भिन्नमत लिहिणार ना?’ मी विचारलं नव्हतं. त्या समितीत कोण आहे, हेही मला तेव्हा माहीत नव्हतं.

इथे शेती कायद्यांचं उदाहरण माझ्या अंगावर येणार. २०२० मध्ये जूनला वटहुकूम, सप्टेंबरात विधेयकं, राज्यसभेत चिकित्सा समितीची मागणी फेटाळून आवाजी मतदान. शेतकरी दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसले आणि कायदे मागे घ्यावे लागले. मसुद्याच्या टेबलाने नाही, ट्रॅक्टरने. मान्य, आणि टेबलच उचलून नेलं होतं तेव्हा दुसरं काय करायचं? पण तेच उदाहरण पुढे वाचा. २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे रद्द करणारं विधेयकही दोन्ही सभागृहांत चर्चेविना, एका दिवसात झालं. येतानाही बोलणं नाही, जातानाही नाही. बाजार समितीच्या व्यवहारात आमच्याकडच्या कांदा-सोयाबीनवाल्यांच्या ज्या खऱ्या तक्रारी होत्या, हमाली-तोलाईपासून हिशेबपट्टीपर्यंत, त्या जिथल्या तिथे राहिल्या. हमीभावाचा कायदा झाला नाही. रस्त्याने ‘नाही’ म्हणवून घेता आलं, पुढचं वाक्य लिहायचं राहूनच गेलं.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. कलमं वाचायला वेळ कुणाला आहे? विधेयक राजपत्रात, भाषा अशी की वकिलालाही दोनदा वाचावी लागते. म्हणजे ही वाट शिकलेल्यांची, शहरातल्यांची, आणि पगारी माणसं ठेवू शकणाऱ्या उद्योगांची. मजुरीवर जाणाऱ्या बाईने ‘हरकत’ कधी लिहायची? आमच्या गावच्या विकास आराखड्याची सुनावणी मी पाहिली आहे. सभागृहात पंखे फिरत होते, आणि टाचण्या लावलेल्या अर्जांचे गठ्ठे टेबलावर चुळबुळत होते. बिल्डरांच्या बाजूने नकाशे घेऊन वास्तुविशारद आले होते, रंगीत, लॅमिनेशन केलेले. एक म्हातारे शेतकरी आले, त्यांच्या हातात सातबाऱ्याची घडी, घामाने मऊ पडलेली. त्यांना दोन-तीन मिनिटं मिळाली. त्यात ते एवढंच बोलले की रस्त्याची रेघ विहिरीवरून गेलीय. अधिकाऱ्याने नकाशात पाहिलं. विहीर नकाशात नव्हतीच. सगळ्या दिवसात त्या खोलीत खऱ्या अर्थाने नवी माहिती आली ती तेवढीच, आणि ती आणणाऱ्याला लिहिता येत नव्हतं.

म्हणून हा आक्षेप मला नाकारायचा नाही, उलटा वाचायचा आहे. ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्याकडे लेखणी नाही, हे खरं असेल तर दोघांना एका टेबलावर बसवणारी माणसं लागतात. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा सभासद व्हायला किमान ५० जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. तू बोलतोस ते कुणाच्या वतीने, हे आधी दाखव. त्याच सभेने पुढे दुष्काळात तालुक्यातालुक्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाच्या हंटर आयोगाला दिलेलं निवेदन वाचा. त्यात सात्त्विक संताप आहेच, पण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण ही नेमकी मागणीही आहे, शिक्षकांच्या पगाराचे मुद्देही आहेत. गोखल्यांनी १९११ मध्ये त्याच दिशेने खासगी विधेयक आणलं, ते पडलं. हक्क कायद्यात यायला २००९ उजाडलं. १२७ वर्षं! कुणी म्हणेल, हे कसलं यश? मी म्हणेन, बारा वर्षांची ती मर्यादा कुणीतरी पहिल्यांदा आकड्यात लिहिली होती म्हणून पुढच्यांना ती मागता तरी आली.

आणि मजूर कायदा घडवू शकत नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी रोजगार हमी आठवावी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात, तासगाव भागात आधी प्रयोग करून पाहिला. १९७२ चा दुष्काळ पडला, खडी फोडायला जवळपास ५० लाख माणसं कामावर आली. पाऊस पडल्यावर सरकारला ते मिटवता आलं असतं. मिटलं नाही, कारण शेतमजुरांचे मोर्चे दर हंगामात तहसीलवर येत राहिले आणि त्यांची मागणी दया मागणारी नव्हती. ‘मागेल त्याला काम’, म्हणजे मागितल्याचा पुरावा, काम द्यायची मुदत, न दिल्यास भत्ता. १९७७ मध्ये विधिमंडळाने एकमताने केलेल्या कायद्यात हे सगळं कलमांच्या रूपात आहे, १५ दिवसांच्या मुदतीसकट. शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला, त्यातून पैसा आला. २६ जानेवारी १९७९ पासून कायदा लागू झाला, आणि पुढे देशाने तो उचलला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारपत्रकातली ती कपात अजून आहे. कशासाठी सुरू झाली, हे त्याला बहुधा आठवत नाही.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. आम्ही प्रतिनिधी निवडतो ते विचार करण्यासाठी, रोज आमच्या दबावाखाली वाकण्यासाठी नाही. घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ ला आंबेडकरांनीच बजावलं होतं की घटनात्मक मार्ग खुले असताना सत्याग्रहासारखे मार्ग म्हणजे अराजकाचं व्याकरण. हे वाक्य हल्ली प्रत्येक मोर्चाच्या तोंडावर फेकलं जातं. फेकणारे त्यातली अट सोयीने गिळतात: मार्ग खुले असताना. तीस दिवसांची नोटीस, ती राजपत्राच्या कुठल्याशा पानावर, आणि आलेल्या सूचनांचं काय झालं याचं उत्तर नाही, याला खुला मार्ग म्हणायचं? केंद्राने २०१४ मध्ये विधेयकाआधी ३० दिवस लोकांपुढे मसुदा ठेवण्याचं धोरण केलं. चांगलं धोरण. पण ते धोरणच आहे. नाही पाळलं तर कुणाचं काही बिघडत नाही, आणि अनेकदा पाळलं गेलेलं नाही.

बिघडायला हवं. दक्षिण आफ्रिकेतही संसदीय पद्धत आहे, बहुमताचं सरकार आहे, पक्षशिस्त आपल्याहून कडक आहे. पण तिथल्या घटनेत लिहिलंय की कायदे करताना विधिमंडळाने लोकसहभागाची सोय केलीच पाहिजे. २००६ मध्ये तिथल्या घटना न्यायालयापुढे आरोग्यविषयक काही कायदे आले. प्रांतांमध्ये सुनावण्या घेऊ असं कबूल करून त्या नीट घेतल्याच नव्हत्या. न्यायालयाने त्यांतले दोन कायदे अवैध ठरवले, दीड वर्षाची मुदत दिली आणि पुन्हा रीतसर करा म्हणून सांगितलं. कायद्यातलं धोरण बरोबर की चूक, यात न्यायालय पडलंच नाही. लोकांचं म्हणणं मानलं नाही म्हणूनही नाही, तर ऐकलं नाही म्हणून कायदा गेला. प्रतिनिधीचा विवेक तिथे शाबूत राहिला आणि नागरिकाचा शब्दही. आपल्याकडे साडेबारा हजार सूचनांवर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंपैकी एकीनेही ही मागणी का लावून धरली नाही? समितीच्या अहवालाला एक तक्ता जोडा: कलम, आलेला आक्षेप, स्वीकारला की नाही, का. सरकारला मत बदलायची सक्ती नाही, कारण लिहायची सक्ती. ज्याला आपली बाजू बरोबर वाटते त्या सरकारला याचं भय का वाटावं?

आणि कायदा झाला म्हणजे वाचन संपलं, असंही नाही. दीडशे दुरुस्त्यांनी मिळवलेला माहिती अधिकार २०२३ मध्ये कुठे बदलला गेला? डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात, अगदी शेवटच्या पानांत, ४४व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात. वैयक्तिक माहिती मोठ्या लोकहितासाठी देता येईल, असं माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमातल्या एका उपवाक्यात होतं, ते गेलं आणि सरसकट सूट आली. सरकार म्हणतं, लोकहिताची तरतूद पुढच्या पोटकलमात आहेच. असेल. मग इथली काढायची घाई कशाला? ब्यावरच्या मजुरांनी मागितलेला हजेरीपट म्हणजे तरी काय, माणसांची नावंच ना? मोबाइलमधल्या माहितीच्या कायद्याचा नि हजेरीपटाचा संबंध असेल, हे लक्षात यायला शेवटचं पान वाचावं लागतं. नाझरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘मग? मी काय सांगत होतो? शेवटून वाचायला शीक.’’

आता गुरुवारी संध्याकाळी वाचनालयात आम्ही पाच-सहा जण बसतो. एक शिक्षिका, एक खताचं दुकान चालवणारा, दोन कॉलेजची पोरं, नाझर आणि मी. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती नावाची एक जुनी समिती आहे. अर्ज एखाद्या सदस्याने सभागृहाला सादर करावा लागतो, म्हणजे आमदाराकडे जाणं आलंच. मागच्या वेळी ‘तत्सम’ या एका शब्दावर दीड तास गेला. त्याऐवजी काय घालायचं यावर दोन पोरांचं जुंपलं, चहा दोनदा सांगितला, शिक्षिकाबाईंची गाडी चुकली. शेवटी नाझरांनी कागद स्वतःकडे ओढला, वरचा अर्धा भाग कोरा सोडला आणि तळाशी लिहायला घेतलं, ‘तरी नम्र विनंती की’. हकिगत पुढच्या गुरुवारी लिहू म्हणाले.